माझं नाव लावू नकोस

लुधियानाच्या बसस्थानकाच्या आसपास गवयांची दुकानं आहेत. दुकानंच म्हणायची, कारण मांडववाल्याकडे जावं तसे लोक तिथे गवई ठरवायला जातात. अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशी पाटी, पाटीवर रंगीत पगडीतला हसरा चेहरा, शेजारी ओढणी सावरणारी सहगायिका आणि खाली मोबाइलचे नंबर. तारीख सांगायची, बिदागी ठरवायची, विसार द्यायचा. मोकळ्या जागेतल्या अशा कार्यक्रमाला इकडे अखाडा म्हणतात. फाळणीत पलीकडून उखडून आलेल्या लालचंद यमला जटांनी याच शहरात बस्तान बसवलं आणि एका तारेच्या तुंबीला पंजाबभर मान मिळवून दिला. ते १९९१ साली गेले. शहरात आता विरघळून गेलेल्या दुगरी गावातला धनीराम नावाचा दलित मुलगा कापडाच्या कारखान्यात राबता राबता गाणी लिहू लागला आणि अमरसिंग चमकीला झाला. २०२४च्या हिंदी चित्रपटामुळे आपल्याकडेही आता त्याचं नाव माहीत आहे.

चमकीला आणि त्याची सहगायिका अमरजोत यांची जोडगाणी म्हणजे एका छपराखाली चाललेल्या चोरट्या संबंधांचा पाढा. दीर-भावजय, मेव्हणी-भावोजी, शेजारीण, कोणी सुटत नाही. ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूरला अखाड्यासाठी पोचल्या पोचल्या त्या दोघांना आणि पथकातल्या आणखी दोघांना गोळ्या घालून मारलं. कोणी मारलं ते कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही. मला त्याची गाणी फारशी आवडत नाहीत, हे इथेच सांगून टाकते. त्यातलं गुपित डोळा मारत येतं. पण अश्लीलतेचा शोध चमकील्याने लावला, हा आरोप मात्र खोटा आहे. जे गावात टाळ्यांवर चालायचं ते त्याने लाउडस्पीकरवर नेलं, एवढंच.

मी निघाले होते टाळ्यांवरच्या त्या गाण्यांच्या मागावर.

मी नांदेडची. आमच्याकडून लुधियानाला जायला मध्ये कुठे उतरावं लागत नाही, सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरपर्यंत जाते आणि वाटेत डब्यात लंगरही मिळतो. पंजाबात कुठेही ‘नांदेड’ म्हटलं की समोरचा माणूस आधी ‘हुजूर साहिब!’ म्हणून हात जोडतो. जिच्या घरी मी उतरले होते त्या कॉलेजातल्या मैत्रिणीची आई, बीजी, हिने तर मला दारातच विचारलं, “गोदावरीला यंदा पाणी आहे ना?” ती दोनदा येऊन गेली होती. मैत्रीण स्वतः कॅनडात, घरात बीजी, थोरली भाबी, तिचा नवरा वीरजी आणि शाळकरी नात. गाव अहमदगढजवळचं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेला.

लहानपणी गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात ‘मित्तर पियारे नूं’ हे पद माझ्या कानावरून किती वेळा गेलं असेल. गुरू गोविंदसिंगांचं पद. चमकौरच्या लढाईत दोन थोरले मुलगे गमावून, सगळ्यांपासून तुटून गुरू माछीवाड्याच्या रानात एकटे राहिले, तेव्हा ते त्यांच्या मुखातून निघालं, असं परंपरा सांगते. पुढे १७०८ साली त्यांनी देह ठेवला तो आमच्या गावात. पदात देवाला जिवलग म्हणून साद आहे, आणि शेवटाकडे खेडा नावाच्या कुळाचा उल्लेख येतो: त्यांच्या सुखवस्तू घरातल्या नांदण्यापेक्षा जिवलगाजवळची हलाखी परवडली, असा त्याचा सूर. खेडा म्हणजे हीरचं सासर. तिच्या मनाविरुद्ध तिला जिथे लोटलं ते घर. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात एकाकी रात्री गुरू बोलतात ते लग्न होऊनही आपल्या माणसाला न विसरलेल्या बाईच्या आवाजात. आणि हे पद डोक्यावर ओढणी घेतलेल्या आयाबायांसमोर, त्यांच्या सासवा-नणंदांसमोर, किती पिढ्या गायलं जातंय! त्याआधी भाई गुरदासांनी, म्हणजे १६०४ साली आदिग्रंथाची प्रत ज्यांच्या हातून लिहिली गेली त्यांनी, आपल्या एका वारेत सस्सी-पुन्नू, सोहनी-महिवाल आणि हीर-रांझा यांना लैला-मजनूंच्या रांगेत बसवलं होतं. प्रेमाची ही चोरटी प्रकरणं देवघरात अशी राजरोस आली आहेत.

माछीवाडा लुधियाना जिल्ह्यातच आहे. वीरजींनी गाडी काढली. रान औषधालाही उरलेलं नाही. बाजार, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकानं, मोठा स्वच्छ गुरुद्वारा चरणकंवल साहिब, थंडगार फरशी. तिथे बसून मी बीजीला विचारलं, की हीरचा उल्लेख पदात कसा काय? तिला प्रश्नच कळला नाही. “मग कोणाचा यावा, पुत्तर? अडकलेली तीच ना.”

या प्रेमकथांची एक गोष्ट नकाशा उघडल्याशिवाय लक्षात येत नाही. हीरचं झंग, रांझ्याचं तख्त हजारा, खेड्यांचं रंगपूर, मिर्झाचं दानाबाद, सोहनीचं गुजरात (आपलं राज्य नव्हे, गाव), यातलं एकही गाव भारतातल्या पंजाबात नाही. सोहनी ज्या चिनाबेत बुडाली ती चिनाब तर इकडच्या पंजाबातून वाहतच नाही, ती हिमाचल आणि जम्मूतून परस्पर पलीकडे जाते. लुधियानाची नदी सतलज. तरीही इथल्या गाण्यात पाणी म्हटलं की चिनाबच, तिचं लाडकं नाव ‘झनां’. झंगला हीरची कबर आहे, लोक तिला माई हीर म्हणून नवस बोलतात. बीजीच्या पिढीने ती पाहिली नाही, पुढच्या पिढ्या पाहतील असं दिसत नाही. सत्तरच्या दशकात कुलदीप माणक यांनी गाजवलेली कली, म्हणजे एका प्रकारचं लोकगीत, ज्यात टिल्ल्यावरून म्हणजे जोग्यांच्या डोंगरावरून हीर दिसते, ती लिहिणारे देव थरीकेवाला हे लुधियानाजवळच्या थरीके गावचे शाळामास्तर. तो डोंगरही झेलमजवळ, सरहद्दीपलीकडेच.

किस्से, म्हणजे या दीर्घ प्रेमकथा, पुरुषांनी रचले. अकबराच्या काळातला झंगचा दामोदर, मिर्झा-साहिबांचा पीलू, सस्सीचा हाशम शाह आणि सगळ्यांचा मेरुमणी वारिस शाह, ज्याने १७६६ साली मलका हांस इथे आपली हीर पुरी केली. वारिसची हीर भैरवीत गातात. कसलेला गवई एका ओळीवर रेंगाळला की पुढची ओळ येईपर्यंत माणसं बिडी विझवून बसतात. आणि यातलं प्रेम लपवण्याच्या युक्त्या पाहाव्यात! हीर रोज बेल्यात, नदीकाठच्या झाडीत, बापाच्या म्हशी राखणाऱ्या रांझ्यासाठी चूरी घेऊन जाते. चूरी म्हणजे आपला तूपसाखरेचा मलिदा. लंगडा चुलता कैदो भिकाऱ्याच्या वेषात रांझ्याकडून त्यातलीच मूठभर मागून घेतो आणि पुरावा म्हणून हीरच्या बापासमोर ठेवतो. तूप लावलेला तो पुरावा हीरला भोवतो. पुढे सासरी नणंद सहिती तिला सामील होते, कारण सहितीचंही एका बलोचाशी गुपित आहे. दोघी मिळून सर्पदंशाचं सोंग रचतात, विष उतरवायला गावाबाहेरचा जोगी बोलावला जातो, आणि जोगी कोण ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. दामोदर त्या दोघांना शेवटी सुखरूप मक्केकडे पाठवतो. वारिस हीरला माहेरच्यांकडून विष देववतो. लोकांनी वारिसचा शेवट उचलला.

सर्पदंशावरून आठवलं. अनंत चतुर्दशीला, आपल्याकडे ढोलताशे कडाडत असतात त्याच दिवशी, लुधियाना जिल्ह्यातल्या छपार गावी गुग्ग्याचा मेळा भरतो. गुग्गा म्हणजे सापांचा धनी. त्याच्या मढीवर लोक हाताने सात वेळा माती उकरतात. सापापासून आणि इतर संकटांपासून राखण मागतात. राजकीय पक्षांचे तंबू, पाळणे, जिलब्यांच्या कढया, लाकडी मुसळं-बेलण्यांचे ढीग. हे दिवसाचं. रात्रीचा छपार वेगळा. पंजाबच्या माळवा भागातल्या गावागावांतून पुरुषांच्या टोळ्या येतात आणि बोल्या, म्हणजे चालीवर म्हणायच्या ओळी, टाकतात. एकाच्या हातात चिमटा, एकाकडे बुगचू, एकाकडे खारीचं डोकं लावलेली काठी, दोरी ओढली की खार तोंड उघडते. तिला काटो म्हणतात. छपारच्या बोल्या म्हणजे काय, हे विचारलं की पंजाबी पुरुष हसतो आणि बायका विषय बदलतात.

आम्ही दिवसा गेलो, भाबी, मी आणि वीरजी. ऊन उतरल्यावर भाबी घाई करू लागली. “आता आपलं काम नाही इथे, दीदी.” गाडीपर्यंत येईतो दोन टोळ्या रंगात आल्या होत्या. जे समजलं त्यावरून सांगते: त्यात गुपित असं काही नव्हतं. कोण कोणाच्या भिंतीवरून उडी मारून गेला, कोणी कोणाला उसात गाठलं, सगळं फुशारकीच्या चालीवर. बाई त्यात फक्त जिंकायची वस्तू. चमकीला याच तालमीत वाढला असणार, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं. त्याच्या गाण्यात निदान अमरजोत उलट उत्तर देते. इथे उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

एक म्हातारा तुंबा-अलगोज्याच्या जोडीबरोबर मिर्झा गात होता, तो मात्र ऐकत राहावा असा. मिर्झाची चाल वरच्या सुरात हाक मारल्यासारखी उठते. साहिबांने लग्नाच्या घरातून मिर्झाबरोबर पळ काढला आणि जंडाच्या झाडाखाली तो झोपला असताना आपल्या भावांचा जीव वाचावा म्हणून त्याचे बाण मोडले, ही कथा. भाऊ आले, मिर्झा मेला. गाणारे पुरुष साहिबांला आजतागायत बोल लावतात. भाबी तिथे थांबली, ऐकलं, आणि चालता चालता म्हणाली, “भावांना मरू दिलं असतं तरी हिलाच शिव्या घातल्या असत्या.”

परतीच्या वाटेवर तिने आपण होऊन एक विषय काढला. याच टापूत, जून २००० मध्ये, कॅनडात वाढलेल्या एका मुलीला मारलं होतं. जगरांवजवळच्या एका साध्या मुलाशी तिने घरच्यांपासून लपवून लग्न केलं होतं. तो वाचला, ती वाचली नाही. तिच्या आईला आणि मामाला कॅनडाने २०१९ साली भारताच्या ताब्यात दिलं. भाबीचं तेव्हा नवीन लग्न झालं होतं. “त्या महिन्यात आमच्या गावात एका लग्नात रात्रभर हीर गायली. सगळे रडले. तेच लोक दुसऱ्या दिवशी म्हणत होते, त्या पोरीने घराची अब्रू घालवली.” वीरजी समोर बघून गाडी चालवत होते. मला यावर हुशारीचं काही सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही. एवढं दिसतं, की मेलेल्या हीरवर प्रेम करायला गावाला काही मोजावं लागत नाही.

बायकांचं गाणं ऐकायचं तर अंगणातच बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर बीजीने निरोप धाडला आणि शेजारची चाची, तिच्या दोन सुना, पलीकडच्या घरातली बारावीतली पोर अशा सगळ्या आल्या. बाजा भिंतीला लावल्या. गिद्ध्याला, म्हणजे बायकांच्या या नाचगाण्याला, वाद्य लागत नाही, टाळी पुरते. बायका गोल करतात, एक जण बोली टाकते, शेवटची ओळ सगळ्या उचलतात आणि ती घोळत असताना दोघी मध्ये येऊन नाचतात. बोली संपली की दुसरीचा नंबर. प्रत्येकीने टाकलीच पाहिजे, न टाकणारीला टोमणे बसतात. आधी सासूवरच्या झाल्या, मग दारुड्या नवऱ्यावरच्या, मग फौजेत गेलेल्यावरच्या. अर्ध्या तासाने पोरीला पाणी आणायला आत पाठवलं आणि आवाज जरा खाली आले. तेव्हा कुठे तो दुसरा माणूस गाण्यात शिरला.

तो गावातला कधीच नसतो. असूच शकत नाही. इथे गावातल्या मुलीला गावातला प्रत्येक मुलगा भाऊ, आणि लग्न गावात करायचंच नाही. तेव्हा गाण्यातला प्रियकर बाहेरूनच येतो: बांगड्या विकणारा वंजारा, भिक्षा मागणारा जोगी, रजेवरचा शिपाई, वाटसरू. किस्स्यांतही तेच आहे. रांझा परगावचा, सोहनीचा महिवाल बुखाऱ्याचा व्यापारी, पुन्नू मकरानचा. मिर्झा तेवढा नात्यातला, साहिबांच्या गावी लहानाचा मोठा झालेला. कासार दारात येतो, मनगट हातात घेतो, बांगड्या चढवतो, आणि हे सगळं सासूसमोर. गाणाऱ्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही.

मग टप्पे सुरू झाले. टप्पा, ज्याला माहियाही म्हणतात, तीन छोट्या ओळींचा. पहिल्या ओळीचा पुढच्या दोन ओळींशी अर्थाने काही संबंध नसतो. छतावर वाळत घातलेल्या मिरच्या, रेल्वेचा डबा, पितळी गडवा, काहीही. ती फक्त यमक मांडून ठेवते. दरम्यान टाळी चालू, सगळ्या वाट बघतायत, आणि मग बाई दोन ओळींत काय ते बोलून मोकळी होते. मला या रचनेचं फार अप्रूप वाटलं. कोणी दारात आलंच तर पहिली ओळ तयार असते, आपण मिरच्यांबद्दल गातोय. शिवाय टप्पा ‘मी’ म्हणूनच गायचा असतो, त्यामुळे कोणत्या ‘मी’ने तो खरोखर भोगलाय हे ओळखायची सोयच नाही. चाचीची सून जे गायली ते तिचं होतं, की तिच्या आईकडून आलेलं, की मागच्या वर्षी कुठल्या लग्नात उचललेलं? सगळ्या जणी ‘मी’ म्हणतात आणि त्या गर्दीत खरी ‘मी’ सुखाने लपते. किस्स्याला नावं लागतात आणि नाव आलं की कैदो येतो. इथे कैदोच्या हाती मलिदा लागत नाही.

हे सगळं मुळात त्रिंजणातलं. गावातल्या मुली एकत्र बसून चरखे कातायच्या ती बैठक. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात १९७४ साली उघडलेलं ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे, तिथे चरखे, फुलकाऱ्या, पितळी भांडी नीट मांडलेली आहेत. चरखे गप्प असल्यामुळे मी तिथे फार वेळ काढला नाही. भदौडच्या देवेंद्र सत्यार्थींनी भारतभर वणवण करून लोकगीतं गोळा केली, १९३६ साली ‘गिद्धा’ हे पुस्तक काढलं. त्यांनी बायकांकडून ही गाणी कशी काढून घेतली असतील, याचं मला त्या अंगणात बसून नवल वाटलं. माझ्यासमोरसुद्धा पोरगी पाण्याला गेल्यावरच ती निघाली.

“तुमच्याकडे बायका काय गातात?” चाचीने विचारलं. मी जात्यावरच्या ओव्यांचं सांगितलं. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यांत भाऊ आहे, आई आहे, लेक आहे, विठ्ठल आहे, सासरचा जाच आहे. “आणि तो?” चाचीचा प्रश्न. तो जवळजवळ नाहीच, मी म्हटलं. लावणीत आहे, पण ती बहुतेक शाहिरांनी लिहिलेली. चाचीने हे ऐकून बीजीकडे पाहिलं. “मग विठ्ठलाला गाताना मनात कोण असतं, ते कोण विचारतंय?” सगळ्या हसल्या. मी पण हसले. त्या ओव्या पुन्हा वाचून बघायला हव्यात.

सगळ्यात शेवटी बीजीने एक टप्पा म्हटला. इतका वेळ ती नुसती टाळी देत होती. आवाज थकलेला, पण सूर पक्का. पहिल्या ओळीत पिंपळाचं पान होतं. पुढच्या दोन ओळींत पहाटे गाव सोडून जाणाऱ्या कोणाची तरी पावलं होती, आणि दार उघडता न आलेली एक बाई. सुनांनी तो आधी कधी ऐकला नव्हता. भाबीने तर लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. तिने पुन्हा म्हणायला लावला आणि गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड केला.

“कुठला हा, बीजी?” मी विचारलं.

“त्रिंजणातला.”

“पण कोणी रचला?”

“त्रिंजणातलं कोणी रचतं होय?”

भाबीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो टाकतेय म्हणून सांगितलं, तशी बीजी बाजेवरून उठूनच बसली. गाणं पाठव, पण माझं नाव लावू नकोस, म्हण की चाचीने म्हटलं. चाची म्हणाली, माझं कशाला, माझा नवरा जिवंत आहे अजून. शेवटी भाबीने ‘एका बाईकडून ऐकलेला’ एवढंच लिहिलं. आवाज अर्थात घरातल्या प्रत्येकाला ओळखू येणार होता.

कॅनडात तेव्हा सकाळ होती. थोड्याच वेळात ब्रॅम्प्टनहून बीजीच्या धाकट्या बहिणीचा आवाज आला. तोच टप्पा, तीच चाल, तीच पावलं आणि तेच न उघडलेलं दार, फक्त पहिल्या ओळीत पिंपळाच्या पानाऐवजी कसूरची जुती. बीजीने फोन कानाशी धरून पूर्ण ऐकला, पुन्हा लावायला सांगितला, आणि मान हलवली.

“जुती नव्हतीच तिथे,” ती म्हणाली. “ही तेव्हा आठ वर्षांची होती, हिला काय माहीत.”